कॉलनीच्या गेटावरचं लाल इंजिन: रंगाआधीच्या मोजमापाचं एक प्रकरण

नागपूरच्या वेशीबाहेर एका जुन्या उद्योगाची कॉलनी आहे. तिच्या गेटाशी चौथऱ्यावर एक छोटं वाफेचं इंजिन उभं असतं. दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी त्याला रंग लागतो: बॉयलर लाल, चाकं पिवळी, धुराडं चंदेरी. गेट रुंद करायचं ठरलं तेव्हा व्यवस्थापनाने तिहेरी बेत आखला. इंजिन उचलून आत बागेजवळ न्यायचं, त्याच सपाट्यात सँडब्लास्टिंग (जोराच्या हवेने वाळू मारून रंग-गंज खरवडणं) करून ‘नव्यासारखं’ करायचं आणि स्वागतकक्षातल्या काचेच्या पेटीत ठेवायला त्याचं एक मॉडेल करून घ्यायचं. मॉडेलचं काम माझ्याकडे आलं. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून आयुष्य गेलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या हातातली कानस सुटत नाही, आणि छोट्या इंजिनांचा नाद मला आधीपासूनच होता.

उद्योगाचं नाव इथे देत नाही. इंजिन कुणाचं यापेक्षा त्याच्याबाबत काय ठरलं आणि कशावरून ठरलं, हे महत्त्वाचं आहे.

चौथऱ्यावरच्या फलकात तीन विधानं होती. इंजिन बंगाल नागपूर रेल्वेचं. ते इंग्लंडात बनलेलं. आणि ते नागपूर–छिंदवाडा मार्गावर प्रवासी गाडी ओढत असे. कॉलनीतली पोरं शाळेच्या प्रकल्पात हेच उतरवून नेत.

गेज

मॉडेल करणारा पहिल्यांदा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, विचारतो, कारण स्केल त्यावर बसतं. चौथरा बांधताना रुळांचे दोन तुकडे काँक्रीटमध्ये बसवले होते आणि इंजिन त्यांवर उभं होतं. रुळाच्या माथ्यापासून जरा खाली, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत माप घेतलं. ६१० मिलिमीटर. चौथरा बांधणाऱ्याने रूळ कसेही रोवले असतील म्हणून चाकांच्या पाठींमधलं अंतरही घेतलं, तेही जुळलं. म्हणजे दोन फुटी गेज.

बंगाल नागपूर रेल्वेची सातपुड्याकडची छोटी लाइन अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची. नागपुरातल्या इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. दोन्हींचं गेज तेच. यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला आणि पुलगाव–आर्वी याही ७६२ च्याच. नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय २००२ साली सुरू झालं ते याच रुळांच्या आठवणीसाठी. दोन फुटी गेजचं इंजिन या रुळांवर चालायचं तर सोडाच, उभंही राहणार नाही. एका बाजूचं चाक रुळावर ठेवलं तर दुसरं पंधरा सेंटिमीटर आत, खडीत पडेल. फलकाची दोन विधानं एका टेपने निकालात निघाली.

दोन फुटी म्हणजे माथेरानचं गेज. पण डोंगरातल्या त्या गाडीखेरीज हे माप मुख्यतः खाणी, वीटभट्ट्या, धरणांची बांधकामं आणि कारखान्यांची आवारं यांचं. विदर्भात याला ‘ट्रामलाइन’ म्हणतात. खाणीच्या तोंडापासून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत, म्हणजे माल भरायच्या बाजूच्या लाइनपर्यंत, खनिजाचे टब ओढायचे, तिथे माल मोठ्या गाडीत भरायचा, एवढंच काम. इथल्या खाणींतलं मँगनीज मग बंदराकडे जायचं. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ साली सुरू झालं त्यामागे मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर काढणं हे एक मोठं कारण होतं. तिथे किंवा मुंबईत, जिथे पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ पासून होती, धक्क्यावर वाघिणी हलवायला परत शंटिंगची इंजिनंच. खनिजाच्या प्रवासाची दोन्ही टोकं अशा इंजिनांच्या हाती होती, आणि इतिहास मात्र मधल्या मेल गाडीचा लिहिला गेला.

मॉडेलच्या दृष्टीने गेजमधली ही चूक किरकोळ नव्हती. फोटोवरून मापं काढताना आपण एखादं खात्रीचं माप धरतो आणि बाकीची त्याच्या प्रमाणात मोजतो. फलकावर विसंबून ७६२ धरले असते, तर इंजिन सव्वापट मोठं निघालं असतं. ४.३ मीटरचं इंजिन सव्वापाच मीटरच्या वर गेलं असतं आणि ड्रायव्हरच्या जागी भीम उभा करावा लागला असता.

मापं का हवीत

व्यवस्थापनातले एक साहेब भले गृहस्थ. त्यांचा साधा प्रश्न होता: इंजिन समोर उभं आहे, मग त्याचं एवढं मोजमाप कशाला?

मी त्यांना इंग्लंडच्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या ट्राम इंजिनांचं उदाहरण दिलं. विस्बेच ते अपवेल ही रस्त्याच्या कडेने जाणारी लाइन १८८३-८४ मध्ये सुरू झाली, मुख्यतः शेतमाल वाहण्यासाठी. रस्त्यावर घोडे, माणसं, गुरं, म्हणून कायद्याच्या अटी कडक. चाकं आणि दांडे पत्र्याच्या झालरीआड झाकलेले, दोन्ही टोकांना जनावरं बाजूला सारणारी जाळी, घंटा, आणि वेग वाढला की आपोआप वाफ बंद करणारा गव्हर्नर. वरून लाकडी ब्रेकव्हॅनचं अंग, त्यामुळे आत इंजिन आहे हे लक्षातही येऊ नये. सहा चाकांची अशी बारा इंजिनं १९०३ ते १९२१ दरम्यान बांधली गेली. यार्मथ आणि इप्सविचच्या धक्क्यांवरही ती होती. १९५५ पर्यंत सगळी मोडीत गेली. बारातलं एकही उरलं नाही. तरी जगभरचे हौशी आजही त्यांची मॉडेल करतात, कारण रेल्वे कंपनीच्या नकाशाघरातली ड्रॉइंगं आणि फोटो शिल्लक आहेत.

आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे. इंजिन आहे, कागद एकही नाही. खाणीच्या किंवा गिरणीच्या आवारातल्या इंजिनाचं ड्रॉइंग कोणी जपत नाही. ते भांडारात नोंदलेलं एक यंत्र असतं आणि निकामी झालं की भंगाराच्या यादीत जातं. म्हणून इंजिन हाच त्याचा नकाशा, आणि सँडब्लास्टिंगने त्या नकाशावरची बारीक अक्षरं पुसली जातात. साहेबांना हे पटलं असं म्हणणार नाही, पण त्यांनी ब्लास्टिंगची वर्कऑर्डर पुढे ढकलली.

रंगारी मात्र वैतागला. “काहून थांबवलं जी? दर सालीच तं मारतो नं आमी. साहेब म्हणते पंधरा ऑगस्टच्या आंधी गाडी लाल पाहिजे.” त्याचं चुकत नव्हतं. त्याचा हिशेब दिवसांवर आणि डब्यांवर होता.

पूर्ण मिलिमीटर

हल्ली मोबाइलने शे-दोनशे फोटो काढून संगणकात त्रिमिती आकृती करता येते. सिव्हिल विभागातल्या तरुण इंजिनीअरने तो प्रयत्न केला. चकचकीत ऑइलपेंटवर उन्हाची तिरीप हलत राहते, त्यामुळे सॉफ्टवेअरला ठिपके जुळवता येईनात. बॉयलरला पोचे पडल्यासारखी आकृती आली. मग जुनीच पद्धत: ओळंबा, सुतळी, पाणपातळी, व्हर्निअर. इंजिन एका कुशीला किंचित कललेलं होतं, स्प्रिंगचं एक पान तुटलेलं. त्यामुळे जमिनीपासून उंची न घेता दोन्ही आसांच्या मध्यातून सुतळी ताणून तीच आधाररेषा धरली.

दोन आसांमधलं अंतर १२५० मिलिमीटर आलं. क्रँकपिन, म्हणजे चाकावरचा दांडा अडकवायचा खुंटा, चाकाच्या मध्यापासून १५० वर, म्हणजे पिस्टनचा फेरा ३०० चा. इतर मोठी मापंही अशीच गोल आकड्यांची निघाली. इंग्लंडातल्या कारखान्यांत फूट-इंचांत काम चाले. तिथलं इंजिन असतं तर क्रँकचं माप सहा इंच, म्हणजे १५२.४ आलं असतं. एखादं माप योगायोगाने जुळेल, पण ओळीने सगळी जुळत नाहीत. इंजिन युरोपखंडातलं, मेट्रिक मापांत विचार करणाऱ्या कारखान्याचं. पाण्याची टाकी बॉयलरवर नसून चौकटीच्या दोन पाट्यांच्या पोटात होती. बर्लिनच्या ओरेन्स्टाइन उंड कोप्पेलसारख्या कारखान्यांच्या छोट्या इंजिनांत ही रचना नेहमीची. पण नेहमीची म्हणजे त्यांचीच असं नाही, म्हणून कारखान्याचं नाव मी अहवालात घातलं नाही.

इथे एक फसवी वाट आहे, ती फिटर लोकांनी टाळावी. बोल्टचे आटे तपासून देश ठरवायचा मोह होतो. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मानकाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. आटे मोजायचं थ्रेड गेज लावलं की लगेच कळतं. आमच्या इंजिनावरचे जुने बोल्ट व्हिटवर्थ निघाले आणि इंजिनीअर म्हणाला, “म्हणजे इंग्लंडचंच नं सर?” नाही. जर्मन कारखान्यांतही व्हिटवर्थ आटे विसाव्या शतकात बराच काळ चालत होते, त्यांच्या डीआयएन मानकांत त्याला जागा होती. आट्यांपेक्षा आसांमधलं अंतर जास्त भरवशाचं.

कारखान्याची पितळी पाटी कधीच गेली होती. केबिनच्या बाजूला चार भोकं आणि रंगाखाली तिची पुसट चौकट तेवढी उरलेली. पितळ आणि तांबं सगळ्यात आधी जातं, हे भंगारवाल्याला जितकं ठाऊक तितकंच संग्रहालयवाल्यांना. पण नंबर फक्त पाटीवर नसतो. जोडदांड्यांवर, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांवर, तो ठोकलेला असतो. दांड्याच्या टोकाजवळचा रंग रसायन लावून मऊ केला, चिंधीने पुसला, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली. उजव्या दांड्यावर चार आकडे स्पष्ट उमटले. डाव्यावरही चार, पण शेवटचे दोन वेगळे.

म्हणजे इथे एकच इंजिन नव्हतं. निदान दोन भावंडं होती, आणि कधीतरी एकाचा दांडा काढून दुसऱ्याला लावला गेला. औद्योगिक इंजिनांत हे सर्रास चाले. ब्लास्टिंग झालं असतं तर हे आकडे आधीच झिजलेल्या लोखंडावरून साफ उडाले असते.

धुराडं आणि सेवानिवृत्तीचा फोटो

कॉलनीत राहणारे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. धुराड्याच्या बुडाशी रिव्हेटऐवजी आर्क वेल्डिंगची शिवण दिसली तेव्हा मी त्यांना बोलावलं. ते बघून हसले. “हे तं आमीच बनवलं जी. असली धुराडं सडून गेलं होतं, मंग पाइप कापून लावला. असलीचं तोंड वर कढईवाणी फुगलेलं होतं.”

फुगलेलं तोंड म्हणजे ठिणग्या अडवायची सोय. मॉडेलला ते हवं होतं, पण मापं कुठून आणायची? मामांच्या सुनेने अल्बम काढून दिला. त्यात कोणाच्या तरी सेवानिवृत्तीचा फोटो: हार घातलेले गृहस्थ, त्यांच्या बाजूला साहेब, आणि मागे जुन्या धुराड्यासह इंजिन. धुराडं आणि स्मोकबॉक्सचं, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या धुराच्या पेटीचं, तोंड जवळपास एकाच पातळीत होतं. स्मोकबॉक्सचा व्यास मी प्रत्यक्ष मोजलेला होता. त्या प्रमाणात धुराड्याची उंची आणि फुगा काढला. हार घातलेल्या गृहस्थांच्या डोक्याने बुडाचा थोडा भाग झाकला होता, तेवढा अंदाजाने भरला आणि ड्रॉइंगवर ती रेघ तुटक काढली. तुटक रेघ म्हणजे अंदाज, सलग रेघ म्हणजे मोजलेलं, हा नियम संपूर्ण ड्रॉइंगभर पाळला.

स्मोकबॉक्सचं दार उघडलं तेव्हा आत कुजका पाला आणि ओली काजळी. मामांच्या पाइपला टोपी नव्हती, त्यामुळे वर्षानुवर्षं पाऊस थेट आत उतरत होता. कोळशाच्या काजळीत गंधक असतं. ती भिजली की आम्ल होतं आणि तळाचा पत्रा खात जातं. तळाला बोट आरपार जाईल अशी भोकं होती. बाहेरून लालबुंद आणि आतून हे. पत्रा कापून नवा जोडायचा आग्रह कंत्राटदाराने धरला. आम्ही जुना पत्रा तसाच ठेवला, आतून एक सुटी पाटी बोल्टने बसवली, पाणी निघायला भोक ठेवलं आणि धुराड्याला टोपी घातली. खर्च नाममात्र.

बॉयलरवरचं पत्र्याचं आवरण मात्र उघडलंच नाही. त्या काळी उष्णता धरून ठेवायला आत ॲस्बेस्टॉस भरत. हौसेपोटी ते उकरणं म्हणजे फुप्फुसाशी खेळ.

रंगाचे थर

केबिनच्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेत रंगाची पायरी काढली, म्हणजे एकेक थर उघडा पडेल असं घासत गेलो. बारीक पॉलिश पेपर, तोही ओला, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि कोरडं घासलं तर ते हवेत उडतं. चिखल झाला तो पिशवीत भरून वेगळा काढला. भिंगाखाली वरून लाल, मग चंदेरी, परत लाल, मग काळे थर, त्याखाली गर्द हिरवा आणि सगळ्यात खाली शेंदूर. पायरी वाढवत पाटीच्या चौकटीजवळ गेलो तेव्हा हिरव्यावर पिवळट रंगातली एक गोलाई दिसली, मग दुसरी. तीनचा आकडा. भोवती बारीक काळी छाया काढलेली, सरावलेल्या हाताने. घासणं तिथेच थांबवलं. आणखी घासलं असतं तर आकडा जास्त उठून दिसला असता, पण मग छाया गेली असती.

आता रंग कोणता द्यायचा यावर वाद झाला. इंजिनीअर हिरव्याच्या बाजूने, साहेब लाल सोडायला तयार नाहीत, कारण कॉलनीतल्या दोन पिढ्यांचे लग्नाचे फोटो लाल इंजिनासमोर काढलेले. माझं मत ऐकून इंजिनीअर नाराज झाला: लाल राहू द्या. औद्योगिक वारशाबद्दलची निझ्नी तागीलची २००३ ची सनद सांगते की हस्तक्षेप कमीत कमी आणि उलटवता येण्याजोगा असावा. जुन्या थरांवर आणखी एक लाल थर चढला तर काही बिघडत नाही, तो उद्या काढता येईल. थर खरवडून ‘अस्सल’ हिरवा दिला तर खालचा पुरावा कायमचा गेला. तीनच्या आकड्याची जागा पारदर्शक वॉर्निश लावून उघडी ठेवली आणि मॉडेल हिरवं करायचं ठरलं.

उचलणं

कंत्राटदाराचा बेत असा की हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, आणायची, एक पट्टा धुराड्याजवळ, एक केबिनखाली आणि उचल. वजन किती, तर “चार-पाच टन असन.” पाट्यांच्या जाड्या आणि मापं हाताशी होती, त्यामुळे घनफळ काढून लोखंडाच्या घनतेने गुणलं. साडेसहा-सात टन निघालं. हायड्राच्या कागदावरची क्षमता बूम, म्हणजे तिचा उचलायचा हात, आखडलेला असताना असते. बूम लांबवला की ती झपाट्याने घटते, आणि चौथऱ्यामुळे गाडी जवळ लागणार नव्हती.

शिवाय पोटातल्या टाकीचं काय? तळाचा प्लग पाना लावून हळूच सैल केला तर गंजाचं तांबडं पाणी वाहू लागलं आणि बराच वेळ थांबेना. ते वजन कोणाच्याच हिशेबात नव्हतं.

शेवटी मोठी क्रेन आली. चौकटीच्या पाट्यांखालून दोन आडवे गर्डर घातले, पट्टे त्यांना बांधले आणि वर आडवा बीम लावला, म्हणजे पट्टे आत ओढले जाऊन केबिनचा पत्रा दबणार नाही. चाकं गंजून जाम होती. ती फिरवायच्या भानगडीत न पडता इंजिन ट्रेलरवर ठेवून नेलं. उचलताना तुटलेल्या स्प्रिंगची कूस पहिल्यांदा वर आली तेव्हा मामा ओरडले, “थांब बे, खाली घे!” पट्टा हातभर सरकवून परत उचललं.

मॉडेल

स्केल १:१९ घेतलं. ६१० मिलिमीटरचं गेज त्यात ३२ मिलिमीटर होतं, आणि ३२ चे रूळ व चाकं या छंदात जगभर मिळतात. गंमत अशी की ७६२ ची इंजिनं १:२४ मध्ये केली तर तीही याच ३२ च्या रुळावर चालतात. आमच्या ब्रॉडगेजवाल्यांना हे सुख नाही. १६७६ मिलिमीटर नेहमीच्या स्केलमध्ये उतरवायला गेलं की बाजारातल्या रुळांत सहसा बसत नाही.

इतवारीतून अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा आणला. रिव्हेटची डोकी मागून बोथट सुईने ठोकून उठवली. खऱ्या इंजिनावर मोजली होती तितकीच, आणि जिथे वेल्डिंगने थिगळ लावलं होतं तिथे ती गाळली. चाकं लेथवर कातली, बॉयलर पितळी नळीचा, धुराड्याचा फुगा थ्रीडी प्रिंट. लांबी साडेबावीस सेंटिमीटर. केबिनवर ३. एका दांड्यावर एक नंबर आणि दुसऱ्यावर दुसरा, भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत इतके बारीक, पण आहेत.

स्वागतकक्षात हिरवं मॉडेल आणि बागेत लाल इंजिन बघून येणारे-जाणारे विचारतात की हे दुसरंच काहीतरी आहे का. रिसेप्शनवरच्या ताईंना आता ते समजावून सांगायला लागतं. त्या चांगलं सांगतात.

नव्या फलकावर एवढंच आहे: “दोन फुटी गेजचे वाफेचे इंजिन क्रमांक ३. मापांवरून युरोपखंडात बनलेले. आवारातील ट्रामलाइनवर वापरात होते. धुराडे नंतर बदललेले. याच प्रकारचे किमान आणखी एक इंजिन येथे होते.” साहेबांना फलक फार लहान वाटला. त्यांना बंगाल नागपूर रेल्वेचं नाव कुठेतरी यावं असं अजूनही वाटतं.

दरवर्षीच्या रंगकामाच्या वर्कऑर्डरमध्ये एक कलम वाढवलं आहे: घासकाम ओलेच करावे, जोडदांड्यांची टोके व केबिनवरील वॉर्निशची जागा झाकून ठेवावी, तेलाच्या कपांवर रंग लावू नये, धुराड्याची टोपी काढू नये. खाली ड्रॉइंगचा नंबर आहे. मूळ ड्रॉइंग देखभाल विभागात, एक प्रत कॉलनीच्या वाचनालयात आणि एक मामांकडे.